पोटखराबा

गट नंबर दोनशे चौदा, तालुका भूम.
सदतीस हेक्टर, लागवडीलायक निरंक.
उरलेलं सगळं एका शब्दात बसवलेलं :
पोटखराबा.

हा शब्द मी चोवीस वर्षं लिहीत आलोय.
माझ्या अक्षरात तो आता सहीसारखाच दिसतो.
खडक, वगळ, मुरमाड उतार,
कुणाच्या तरी थडग्याचे चार दगड,
सगळ्यांना तोच.

वैशाखातली मोजणी. रोव्हर उभा केला.
टोपीखाली ओला रुमाल घालून शेख बाबू हद्दीचे दगड शोधत होता.
सौर कंपनीचे गंधे गाडीत, काच वर.
फॉर्मात एक रकाना : झाडे, जात, संख्या,
छातीच्या उंचीवर घेर.
मी माळावर नजर फिरवली.
कुसळं. दगड. मध्येच कंबरेएवढी
काटेरी काटक्यांची गाठोडी,
कुणी जाळायला गोळा करून विसरून गेल्यासारखी.
पानाचा पत्ता नाही.
लिहिलं, निरंक.

"काय लिव्हलालाव, सायब?"
धुरपताबाई. मागं नऊ शेरडं, हातात आकडी.
झाडं नाहीत असं लिहितोय, म्हटलं.

ती काहीच बोलली नाही.
एका गाठोड्यापाशी उकिडवी बसली.
साल आधीच सुटत होती, जुन्या पंचांगाच्या पानासारखी.
तिनं नखानं एक पापुद्रा ओढला.

खाली हिरवं.

पेटीच्या तळाशी घडी घालून ठेवलेल्या
लुगड्यासारखं हिरवं.
"गुगुळ हाय. मेला न्हाई.
पान लावणं परवडत न्हाई त्येला उन्हाळ्यात,
म्हून सालीखालीच भागवतंय."

मग चालता चालता सांगत गेली, शेरडं हाकत, मध्येच थांबत.
सासूच्या वेळी ह्या आंगापासून त्या आंगाला हेच होतं.
डिंकवाले आले. कुऱ्हाडीचे खोल घाव,
घावात कसलंसं औषध.
डिंक आला भसाभसा, पुढच्या साली झुडूप गेलं.
मग रस्त्यासाठी मुरूम निघाला.
मग झाडं लावायची म्हणून सरकारनं हेच उपटून खड्डे घेतले,
त्यात लावली ग्लिरिसिडिया.
ती हसली. पुढचे दोन दात नव्हते.
"आता अकरा. धा म्हना. त्यो कडंचा माझ्या बोकडानं खाल्लाय."

खोडावर सुकलेला एक थेंब होता, मधाच्या रंगाचा.
तिनं तो काढून माझ्या तळव्यावर चोळला.
बाळंतिणीच्या खोलीचा वास.
मला एकदम धाकटीचा जन्म आठवला,
सिव्हिल हॉस्पिटलचा फिनाईल नव्हे,
त्यानंतरचे घरातले दिवस.

गंधे काच खाली करून म्हणाले,
"झुडुपं झाडांत धरत नाहीत साहेब. घेर लागतो."
खरं होतं ते.
जे छातीपर्यंत येतच नाही
त्याचा छातीशी घेर कसा घ्यायचा?
आणि गायरान. भरपाई मागणार कोण?
बोकड?

तरी निरंकवर एक आडवी रेघ मारली.
शेऱ्यात लिहिलं :
गुग्गुळ. दहा. (एक संशयित.)
वाळलेले दिसतात, जिवंत आहेत.
नख लावून पाहावे.

फाईल वर गेली. काही दिवस तिला तो वास होता म्हणे,
आवक-जावकच्या खडकेबाईंनी विचारलं,
कुणाची पूजा घातली का कार्यालयात?
शेरा कुणी वाचला, मला माहीत नाही.
मृगानंतर माझी बदली परंड्याला झाली.
दोनशे चौदाकडे अजून गेलो नाही.
जायला चाळीस मिनिटं लागतात.

इथंही पोटखराबा पुष्कळ आहे.
मोजणीला उशीर होतो हल्ली.
शेख बाबू रोव्हर धरून उन्हात उभा,
ओरडतो, "साहब, वो सूखा है, चलो!"
मी बसलेला असतो खाली,
अंगठ्याचं नख थोडं वाढवलेलं.